सूक्ष्मतरंग भट्टी : विद्युत्-रचना, कार्य आणि मराठी परिभाषा

विज्ञानविषयक लेखन हे भाषेच्या सामर्थ्याची एक कसोटी असते, हे विधान आता नवे राहिलेले नाही. ही कसोटी प्रत्यक्षात कशी लागते, हे मात्र एखाद्या ठराविक वस्तूचे वर्णन करावयास बसल्याखेरीज उमगत नाही. प्रस्तुत लेखात त्यासाठी सूक्ष्मतरंग भट्टी, म्हणजे बोलीतील ‘मायक्रोवेव्ह’, हे उपकरण निवडले आहे. ते आज शहरी मराठी घरांत रुळलेले आहे. त्याविषयी भीतीही आहे आणि बेफिकिरीही आहे, आणि या दोहोंच्या मुळाशी काही अंशी शब्दांचा घोटाळा आहे. म्हणून उपकरणाचे कार्य क्रमाने समजून घेत असतानाच, ते सांगावयास मराठीत कोणते शब्द उपलब्ध आहेत आणि ते कितपत पुरे पडतात, याचाही विचार येथे करावयाचा आहे.

१. नाव आणि तरंग

‘सूक्ष्मतरंग’ हा शब्द ऐकताच डोळ्यांना न दिसणारा, अतिशय बारीक असा काही तरंग मनात येतो. वस्तुस्थिती निराळी आहे. भट्टीतील तरंगाची लांबी सुमारे १२.२ सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या वितीच्या आसपास असते. प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. प्रकाशाच्या मानाने हा तरंग सूक्ष्म तर नाहीच, उलट फार मोठा आहे. त्याला सूक्ष्म म्हटले गेले ते रेडिओ प्रक्षेपणातील शेकडो मीटर लांबीच्या तरंगांशी तुलना करून. मराठी शब्द हा मूळ इंग्रजी नावाचा प्रामाणिक अनुवाद आहे. त्यामुळे मूळ नावातील सापेक्षता आणि तिच्यातून होणारी दिशाभूल ही दोन्ही त्याच्याबरोबर मराठीत आली आहेत.

तरंगाची दुसरी ओळख म्हणजे एका सेकंदात होणाऱ्या त्याच्या आवर्तनांची संख्या. मराठी विश्वकोशाने यासाठी ‘कंप्रता’ हा शब्द योजला, तर शालेय पाठ्यपुस्तकांनी ‘वारंवारता’ हा शब्द रूढ केला. हिंदीत ‘आवृत्ति’ हा पारिभाषिक शब्द आहे. परंतु मराठी वाचकाला आवृत्ती म्हटले की पुस्तकच आठवते, तेव्हा तो शब्द आपल्याला उपयोगाचा नाही. दोन सख्ख्या भाषांनी एकाच संस्कृत भांडारातून शब्द घेऊनही त्यांची परिभाषा एक होऊ शकत नाही, याचे हे एक साधे उदाहरण होय. घरगुती भट्टीतील तरंगाची कंप्रता सेकंदास २४५ कोटी आवर्तने इतकी असते. औद्योगिक, वैज्ञानिक व वैद्यकीय उपयोगांसाठी आंतरराष्ट्रीय संकेताने जे कंप्रतापट्टे राखून ठेवलेले आहेत, त्यांपैकी एका पट्ट्यात ती येते. ही निवड दळणवळणाच्या सोयीने झालेली आहे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावयास हवी.

२. कलकत्ता, बर्मिंगहॅम, बेंगळूरु

या तरंगांचा भारतातील अभ्यास पाश्चात्य देशांइतकाच जुना आहे. जगदीशचंद्र बसू यांनी १८९५ साली कलकत्त्यात अशा तरंगांचे जाहीर प्रात्यक्षिक केले. त्यांनी हाताळलेल्या तरंगांची लांबी काही मिलिमीटरपर्यंत खाली आलेली होती. आजच्या भट्टीतील तरंगांहून ते कितीतरी आखूड होते. साहित्याच्या अभ्यासकांना येथे आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटेल. बसूंनी आपल्या या संशोधनाविषयी बंगालीतही लिहिले. १९२१ सालच्या त्यांच्या ‘अव्यक्त’ या निबंधसंग्रहात ‘अदृश्य आलोक’ हा निबंध समाविष्ट आहे. संशोधकानेच मातृभाषेत गद्य घडवावे, ही परंपरा बंगालीला अशी आरंभीच लाभली.

तरंग निर्माण करणारी शक्तिशाली नलिका मात्र युद्धाच्या गरजेतून आली. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी फेब्रुवारी १९४० मध्ये पोकळीयुक्त मॅग्नेट्रॉन चालवून दाखविला. शत्रूची विमाने हेरणाऱ्या रडार यंत्रणेचा तो प्राण ठरला. त्याच वर्षी तो अमेरिकेत नेण्यात आला. तेथील रेथिऑन या कंपनीतील अभियंते पर्सी स्पेन्सर यांनी १९४५ मध्ये या तरंगांनी अन्न तापविण्याच्या पद्धतीसाठी एकस्वाचा अर्ज केला आणि १९५० मध्ये ते एकस्व त्यांना मिळाले. दरम्यान १९४७ मध्ये पहिली भट्टी बाजारात आली. ती माणसाइतकी उंच आणि तीनशे किलोग्रॅमहून अधिक वजनाची होती. स्वयंपाकघरातील ओट्यावर मावणारी भट्टी अमेरिकेत १९६७ साली आली.

बेंगळूरुचे नाव या इतिहासात शिक्षण आणि संशोधन यांच्या द्वारे येते. येथील भारतीय विज्ञान संस्थेत शिशिरकुमार चटर्जी व राजेश्वरी चटर्जी या दांपत्याने सूक्ष्मतरंग संशोधनाची प्रयोगशाळा उभी केली. राजेश्वरी चटर्जी (१९२२–२०१०) या मूळच्या म्हैसूर संस्थानातील. गणिताचे शिक्षण घेऊन त्या अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात गेल्या आणि डॉक्टरेट मिळवून १९५३ मध्ये परतल्यावर संस्थेच्या विद्युत्-संदेशवहन विभागात अध्यापक झाल्या. १९८२ मध्ये त्या निवृत्त झाल्या. त्यांनी शिकविलेल्या व मार्गदर्शन केलेल्या पिढ्यांतून देशातील रडार, दळणवळण व संरक्षण-संशोधन यांना मनुष्यबळ मिळाले. याच शहरात भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी उद्योगाची १९५४ मध्ये स्थापना झाली आणि सूक्ष्मतरंग नलिकांसाठी संरक्षण खात्याचे स्वतंत्र संशोधन केंद्रही येथेच आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील कामातून ‘समीर’ ही संस्था १९८४ मध्ये आकारास आली. कर्करोगाच्या उपचारासाठी लागणारे रेषीय त्वरक हे तिचे एक महत्त्वाचे कार्य; त्या त्वरकात इलेक्ट्रॉनांना वेग देणारी शक्तीही सूक्ष्मतरंगांचीच असते.

हे सर्व ज्ञान इंग्रजीत निर्माण झाले आणि इंग्रजीतच शिकविले गेले. आता ते कानडी, मराठी, तमिळ घरांच्या स्वयंपाकघरांत येऊन पोहोचले आहे, परंतु भाषेत उतरलेले नाही.

३. दोनशे तीस व्होल्टांपासून चार हजार व्होल्टांपर्यंत

आपल्या घरात येणाऱ्या विजेचा दाब २३० व्होल्ट असतो आणि तिची दिशा सेकंदात पन्नास आवर्तनांनी पालटत असते. मॅग्नेट्रॉनला यांतील काहीच चालत नाही. त्याला सुमारे ४,००० व्होल्टांचा एकदिश दाब लागतो. हे रूपांतर तीन घटकांकडून होते, आणि त्यांतील दोहोंची मराठी नावे मोठी अर्थपूर्ण आहेत.

पहिला घटक रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर. लोखंडी गाभ्याभोवती तारेची दोन वेटोळी असतात. पहिल्या वेटोळ्यातील प्रवाह पालटला की गाभ्यातील चुंबकीय क्षेत्र पालटते आणि दुसऱ्या वेटोळ्यात दाब निर्माण होतो. दुसऱ्या वेटोळ्याचे फेरे जितके पट अधिक, तितके पट दाब अधिक. भट्टीतील रोहित्र २३० व्होल्टांचे सुमारे २,००० व्होल्ट करते. त्यावर थोड्या फेऱ्यांचे एक तिसरे वेटोळेही असते; ते तीन-साडेतीन व्होल्टांचा अल्प दाब पण मोठा प्रवाह देऊन मॅग्नेट्रॉनमधील तंतू तापविते.

दुसरा घटक धारित्र आणि तिसरा डायोड. डायोड प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देतो. आवर्तनाच्या एका अर्ध्यात तो वाट मोकळी करतो आणि धारित्र रोहित्राच्या शिखरदाबाइतके, म्हणजे सुमारे २,८०० व्होल्टांपर्यंत भरते. दुसऱ्या अर्ध्यात डायोडची वाट बंद होते. मग धारित्रातील दाब आणि रोहित्राचा त्या क्षणीचा दाब यांची बेरीज होऊन ती मॅग्नेट्रॉनवर पडते. तत्त्वतः हा दाब दुपटीपर्यंत चढू शकतो. परंतु ४,००० व्होल्टांच्या आसपास मॅग्नेट्रॉनमधून प्रवाह वाहू लागतो आणि दाब तेथेच राहतो. याचा अर्थ असा की अशा भट्टीतील मॅग्नेट्रॉन अखंड चालत नाही. तो सेकंदात पन्नास वेळा पेटतो आणि पन्नास वेळा विझतो. भट्टीची शक्ती कमी करणे म्हणजेही बहुधा तिला काही सेकंद चालू व काही सेकंद बंद ठेवणेच असते. अलीकडच्या काही भट्ट्यांत मात्र इलेक्ट्रॉनीय मंडलांच्या साहाय्याने शक्ती सलगपणे कमीजास्त करता येते.

‘रोहित्र’, ‘धारित्र’ आणि ‘जनित्र’ ही एका घडणीची नावे आहेत. संस्कृतात ‘इत्र’ हा साधनवाचक प्रत्यय खनित्र, लवित्र अशा शब्दांत दिसतो. खणण्याचे साधन ते खनित्र, कापण्याचे ते लवित्र. त्याच वळणावर जन्म देणारे ते जनित्र, धारण करणारे ते धारित्र. रोहित्राचे नाते ‘रुह्’ म्हणजे चढणे या धातूशी जाणवते. गल्लीतील रोहित्र दाब चढवीत नाही, उतरविते, एवढी उणीव त्या नावात राहून गेली आहे. तरीही वीजमंडळाच्या कारभारातून आणि वृत्तपत्रांतून हा शब्द खेड्यापाड्यांत पोहोचला. ‘धारित्र’ मात्र पोहोचला नाही. दुरुस्ती करणारा कारागीर ‘कपॅसिटर’ किंवा ‘कंडेन्सर’ म्हणतो.

या शब्दाचे न पोहोचणे ही केवळ भाषाप्रेमाची हळहळ नव्हे. भट्टीची पिन भिंतीतून काढली तरी धारित्रात विद्युत् भार शिल्लक राहू शकतो. तो हळूहळू निचरून जावा म्हणून धारित्राच्या पोटात एक मोठा रोधक बसविलेला असतो. पण तो रोधक निकामी झाला तर भार बराच काळ टिकतो, आणि त्याचा धक्का प्राणघातक ठरू शकतो. जे धारण करते ते सोडून देईपर्यंत भरलेलेच असते, ही सूचना ‘धारित्र’ या नावातच आहे. ज्या उपकरणाची पिन काढली ते मृत झाले, या समजुतीने अनेक घरगुती उपकरणे उघडता येतात; सूक्ष्मतरंग भट्टी या समजुतीला अपवाद आहे. प्रशिक्षित माणसाखेरीज कोणीही तिचे आवरण उघडू नये.

‘भार’ हा शब्दही तपासण्याजोगा आहे. विश्वकोशात विद्युत् भार म्हणजे विजेचा मूळ गुणधर्म, वृत्तपत्रांतील ‘भारनियमना’त भार म्हणजे विजेची मागणी, आणि व्यवहारात भार म्हणजे वजन. पाठ्यपुस्तकांनी पहिल्या अर्थासाठी ‘प्रभार’ स्वीकारला, हे योग्यच झाले. एकाच वाक्यात धारित्रावरील भार आणि तारेवरील भार आले की वाचक अडखळणारच.

तारेवरील भाराचाही हिशोब पाहू. ८०० वॅट तरंगशक्ती देणारी भट्टी भिंतीतून सुमारे १,२०० वॅट घेते. उरलेली शक्ती रोहित्रात व मॅग्नेट्रॉनमध्ये उष्णता होऊन जाते आणि पंखा ती बाहेर टाकतो. २३० व्होल्टांवर १,२०० वॅट म्हणजे पाच अँपिअरहून अधिक प्रवाह. म्हणून भट्टीला जाड पिनेचा, भूयोजनयुक्त जोड लागतो. भट्टीतील उच्च दाबाच्या मंडलाचे एक टोक तिच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेले असते. ते मंडल बिघडले तर सांगाड्याला सुरक्षित ठेवणारी गोष्ट म्हणजे ‘अर्थिंग’ची ती तिसरी तार. जुन्या घरांतून तिसरी पिन निकामी ठेवून उपकरणे चालविण्याची जी सवय आहे, ती येथे फार महाग पडू शकते.

४. मॅग्नेट्रॉन

मॅग्नेट्रॉनच्या मध्यभागी तापलेला तंतू असतो, तो ऋणाग्र. त्याच्याभोवती तांब्याचे जाड कडे असते, ते धनाग्र. कड्याच्या आतील बाजूस, केंद्राकडे तोंड करून, सारख्या आकाराच्या पोकळ्या कोरलेल्या असतात. वर व खाली कायमचुंबक बसविलेले असतात. तप्त ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि उच्च दाबामुळे धनाग्राकडे धाव घेतात. चुंबकीय क्षेत्र नसते तर ते सरळ जाऊन कड्यावर आदळले असते. चुंबकामुळे त्यांची वाट वाकते आणि ते ऋणाग्राभोवती फिरू लागतात. असे फिरणारे इलेक्ट्रॉन पोकळ्यांच्या तोंडावरून जाताना त्यांत विद्युत्-आंदोलने उठवितात, आणि ती आंदोलने उलट इलेक्ट्रॉनांना एकत्र आणून त्यांचे चाकाच्या आऱ्यांसारखे पुंज बनवितात. पुंज फिरतात, पोकळ्यांना ऊर्जा देतात आणि अखेर धनाग्राला जाऊन मिळतात.

बाटलीच्या तोंडावरून फुंकर घातली असता तिच्या पोकळीनुसार ठराविक स्वर निघतो; तसाच हा प्रकार आहे. फुंकर इलेक्ट्रॉनांची, पोकळी तांब्याची. कंप्रता पोकळ्यांच्या आकारमानावरून ठरते. या आविष्काराला मराठीत ‘अनुस्पंदन’ हा नेमका आणि श्रुतिमधुर शब्द आहे. पोकळ्यांतील ऊर्जा एका लहानशा आकाशकाद्वारे बाहेर काढली जाते आणि धातूच्या चौकोनी नळीतून अन्नकक्षात सोडली जाते. या नळीला ‘तरंग मार्गदर्शक’ म्हणतात.

५. अन्न कसे तापते

पाण्याचा रेणू एकंदरीने उदासीन असला तरी त्याचे एक अंग किंचित धन व दुसरे किंचित ऋण असते. विद्युत् क्षेत्रात सापडला की तो क्षेत्राच्या दिशेने वळू पाहतो. भट्टीत हे क्षेत्र सेकंदात सुमारे ४९० कोटी वेळा दिशा पालटते. रेणू वळतात, शेजारच्या रेणूंशी त्यांची ओढाताण होते, ते क्षेत्राच्या थोडे मागे पडतात, आणि या मागे पडण्यातून क्षेत्राची ऊर्जा उष्णतेत उतरते. मिठाच्या पाण्यातील आयनही पुढेमागे हलून काही उष्णता निर्माण करतात.

येथे एक प्रचलित समज दूर करावयास हवा. पाण्याच्या रेणूचे भट्टीच्या तरंगाशी अनुस्पंदन होते, असे पुष्कळदा लिहिले जाते. तसे नाही. सामान्य तापमानाच्या द्रव पाण्यात हे शोषण पुष्कळ अधिक, म्हणजे भट्टीच्या सुमारे सात-आठपट कंप्रतेला शिखर गाठते, आणि ते शिखरही अनुस्पंदनासारखे टोकदार नसून पसरट असते. भट्टीची कंप्रता कमी असण्यात सोयच आहे. शोषण फार तीव्र असते तर तरंग पृष्ठभागावरच संपले असते. प्रत्यक्षात ते ओलसर अन्नात एक-दोन सेंटिमीटर शिरतात. त्यापलीकडे उष्णता नेहमीप्रमाणे वहनानेच जाते. अन्न आतून बाहेर शिजते हा समजही म्हणून खरा नव्हे.

बर्फात रेणू जागच्या जागी जखडलेले असल्यामुळे तो हे तरंग फारच कमी शोषतो. गोठलेल्या पदार्थाचा एखादा कोपरा वितळला की तोच भराभर तापतो आणि बाकीचा भाग थंड राहतो. गोठण काढताना थांबून थांबून तापवावे लागते ते यामुळे. पाणी असेपर्यंत अन्नाचे तापमान शंभर अंशांच्या फारसे वर जात नाही. म्हणून भाकरीला तव्यावरचे डाग आणि पोळीला खरपूस पदर या भट्टीत येत नाहीत. आणि २५० ग्रॅम पाणी २५ अंशांवरून ९५ अंशांवर नेण्यास सुमारे ७३,००० जूल उष्णता लागते. ८०० वॅट पूर्णपणे पाण्यात उतरले तर त्याला दीड मिनिट पुरते.

६. कक्ष, पापड आणि पोलादी डबा

अन्नकक्षाच्या धातूच्या भिंतींवरून तरंग परावर्तित होतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या तरंगांच्या मिश्रणातून स्थिर तरंग बनतात. त्यांत काही जागी क्षेत्र तीव्र, तर काही जागी जवळजवळ शून्य असते. अन्न सारखे तापावे म्हणून फिरती थाळी बसविलेली असते. ती थाळी न फिरेल अशी व्यवस्था करून कच्चा पापड आत ठेवला, तर तो जागोजाग फुलतो आणि मधले भाग कच्चे राहतात. फुललेल्या जागांतील अंतर स्थूलमानाने तरंगलांबीच्या निम्मे, म्हणजे सुमारे सहा सेंटिमीटर भरते. त्याची दुप्पट करून कंप्रतेने गुणले की प्रकाशाचा वेग अंदाजाने हाती येतो. मराठी विज्ञानशिक्षकास इतका स्वस्त आणि इतका घरचा प्रयोग दुसरा क्वचितच मिळेल.

आपले स्वयंपाकघर पोलादी भांड्यांचे. झाकणाच्या पोलादी डब्यातील अन्न या भट्टीत तापणारच नाही, कारण तरंग धातूवरून परततात. शिवाय धातूच्या पातळ कडा, काटे व जरीची नक्षी येथे क्षेत्र एकवटून ठिणग्या उडतात. काच व चिनी माती यांतून तरंग सहज पार जातात.

दाराच्या काचेमागील जाळीची भोके एक-दोन मिलिमीटरची असतात. प्रकाश त्यांतून येतो, पण बारा सेंटिमीटरचा तरंग त्यांतून बाहेर पडू शकत नाही. दार उघडताच वीज तोडणारे एकाहून अधिक स्विच असतात. त्यांपैकी एक असा असतो की इतर स्विच चिकटून राहिले तर तो मंडल जाणूनबुजून लघुमंडलित करून फ्यूज वितळवितो. दाराबाहेर पाच सेंटिमीटर अंतरावर गळती दर चौरस सेंटिमीटरला पाच मिलिवॅटपेक्षा अधिक नसावी, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. वाकलेले दार किंवा फाटलेली जाळी असलेली भट्टी मात्र वापरू नये.

७. प्रारण आणि किरणोत्सर्ग

आता ज्या शब्दाच्या गैरवापराने सर्वाधिक हानी होते, त्याकडे वळू. मराठी विश्वकोशाने, ज्याचा पहिला खंड तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला, दोन संज्ञा काटेकोरपणे वेगळ्या ठेवल्या. तरंगरूपाने पसरणारी ऊर्जा ते प्रारण. अणुकेंद्रातून आपोआप भेदक कण वा किरण बाहेर पडणे तो किरणोत्सर्ग. सूर्यप्रकाश, चुलीची धग, आकाशवाणीचे तरंग ही सर्व प्रारणे होत. हिंदीत व कानडीत पहिल्या अर्थाने ‘विकिरण’ हा शब्द चालतो, आणि कानडीत दुसरी संज्ञाही त्याच शब्दापासून, ‘विकिरणशीलते’च्या रूपाने, साधली आहे, त्यामुळे दोन कल्पना तेथे एकमेकींना चिकटण्याचा संभव असतो. मराठीला दोन स्वतंत्र शब्द लाभले असूनही दैनंदिन लेखनात ‘प्रारण’ मागे पडले आणि दोन्ही अर्थांनी ‘किरणोत्सर्ग’ लिहिले जाऊ लागले.

परिणाम उघड आहे. भट्टीतून किरणोत्सर्ग होतो असे वाचणाऱ्याच्या मनात अणुस्फोटाचे चित्र उभे राहते आणि त्यात तापविलेले अन्न दूषित झाले असे त्याला वाटते. वास्तविक अणूतून इलेक्ट्रॉन तोडावयास जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे दशलक्षांश ऊर्जा या तरंगाच्या एका पुंजात असते. तो रेणूला हलवू शकतो, मोडू शकत नाही; अणुकेंद्राला तर स्पर्शही करू शकत नाही. भट्टी बंद झाली की अन्नात उरते ती केवळ उष्णता. खरा धोका आहे तो अर्थिंग नसलेल्या जोडात, भरलेल्या धारित्रात आणि गुळगुळीत पेल्यात न उकळता अतितप्त होऊन एकाएकी उसळणाऱ्या पाण्यात. चुकीच्या शब्दाने भीती चुकीच्या जागी नेऊन ठेवली आणि जेथे सावध राहावयास हवे ती जागा निर्नाव राहिली.

८. समारोप

या विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, सूक्ष्मतरंग भट्टीसारखे गुंतागुंतीचे उपकरण समजावून सांगण्यास लागणारी शब्दसंपत्ती मराठीत बव्हंशी सिद्ध आहे. रोहित्र, धारित्र, अनुस्पंदन, कंप्रता, प्रारण हे शब्द घडविणाऱ्यांनी आपले काम केलेले आहे. दुसरी अशी की, जेथे बोलीने मॅग्नेट्रॉन, डायोड, फ्यूज हे शब्द आपलेसे केले आहेत, तेथे त्यांना हुसकावण्याचे कारण नाही. परिभाषेची कसोटी शब्दाचे कूळ नसून त्याने दोन अर्थ वेगळे राखले की नाही, ही होय. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, शब्द कोशात असल्याने भाषेत येत नाही. तो शिक्षकाच्या, पत्रकाराच्या आणि कारागिराच्या तोंडी यावा लागतो.

बेंगळूरुसारख्या शहरात, जेथे या विद्येचे अध्यापन सात दशकांहून अधिक काळ चालू आहे आणि जेथे कानडी, मराठी, तमिळ, तेलुगू, उर्दू बोलणारी कुटुंबे एकाच इमारतीत राहतात, भारतीय भाषांच्या अभ्यासकांना या कामाचा आरंभ सहज करता येईल. घरगुती विद्युत् उपकरणांच्या धोक्याच्या सूचना या सर्व भाषांत शेजारी शेजारी मांडून त्यांची परिभाषा तपासणे, हा तौलनिक अभ्यासाचा एक नम्र पण अत्यंत उपयुक्त विषय ठरेल. कारण अशी सूचना वाचणाऱ्याला ती कळली नाही, तर तिची किंमत त्याला स्वतःच्या जिवाने मोजावी लागण्याचा संभव असतो.